धुवायचा की टाकून द्यायचा

माझ्या घरमालकांना, म्हणजे अंकलना, धूळ चाखायची सवय होती. अंगणात कुणाचीही गाडी येऊन थांबली, की आधी ते गाडीपाशी जात, माणसाकडे नंतर बघत. मडगार्डवरून एक बोट फिरवायचं, ते उन्हात धरायचं आणि मग जिभेच्या टोकाला लावायचं. लाल आणि तुरट असली तर चिरेखाणीची, करडी असली तर खडी फोडतात तिथली, खारट लागली तर किनाऱ्यावरची. एवढी तपासणी झाली की मग आलेल्या माणसाला "ये रे, बस" म्हणायचं.

माझे मेहुणे एकदा मला भेटायला आले. थेट कणकवलीहून येतोय, म्हणाले. अंकलनी बोट चाटलं, मान हलवली आणि जाहीर केलं की हा माणूस देवगडला जाऊन तळेऱ्यावरून आला आहे. मेहुण्यांचा चेहरा पडला. ते खरंच देवगडला जाऊन आले होते, आणि माझ्या बहिणीला ते कळू द्यायचं नव्हतं. मी थक्क झालो. मग मला खोड काढायची लहर आली. दुसऱ्या दिवशी मी आमच्याच अंगणातली मूठभर माती माझ्या जीपला फासली आणि अंकलना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून बोट चाटलं आणि सांगितलं, वालावल गावची. माझी जीप त्या आठवड्यात आमच्या पठारावरून खालीसुद्धा उतरली नव्हती. हा माणूस खरा जाणकार की नुसता ठोकून देणारा, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि आजही कुणी विचारलं तर सांगता येणार नाही.

मी कणकवलीचा. मालवणच्या बाजूला सड्यावर एका मुंबईकराची आंब्याच्या कलमांची बाग होती, ती सांभाळायला म्हणून मी गेलो आणि अंकलच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. अंकलचं घर त्या पठारातल्या एका खोलगट जागेत होतं, म्हणून तिथे चार माड आणि विहीर होती. शेजार म्हणाल तर मी एकटा. घरातून निघालं की आधी एक खडा चढ, मग चिरेखाणींमधून जाणारा कच्चा रस्ता, आणि शेवटी उतार उतरून गाव, बाजार, चर्च. त्या रस्त्यावरून दिवसभर चिऱ्यांचे ट्रक जात. त्यांच्या मागून जाणाऱ्या माणसाच्या भुवया लाल व्हायच्या, मग इंजिनाचं काय होत असेल ते बघा.

अंकल बरीच वर्षं आखातात होते. तिथे नक्की काय करत होते हे एक गूढच होतं. मला त्यांनी सांगितलं की वाळवंटात तेल शोधणाऱ्यांच्या गाड्या मी दुरुस्त करत असे. गावातल्या पाद्रींना सांगितलं होतं की मी गाड्या चालवत असे. आंटींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं तर त्या म्हणाल्या, "खंयचो मेकॅनिक आणि खंयचो ड्रायवर. सामानाच्या खोलयेत बसान फिल्टर वाटी." अंकलनी हे ऐकलं, आणि आपण नुसते फिल्टर वाटत होतो हे नाकारलंही नाही.

पण फिल्टर हा त्यांचा जीव की प्राण होता, हे मात्र खरं. इंजिनाला डिझेलबरोबर हवा लागते, आणि ती हवा गाळून आत सोडणारी जी चाळण बॉनेटखाली असते तो एअर फिल्टर. बहुतेकांच्या गाडीत तो कागदाचा असतो. धुळीने भरला की फेकायचा आणि नवा घालायचा. अंकलच्या जीपमध्ये होता तो कापडी जाळीचा, तेल लावलेला, धुऊन पुन्हा पुन्हा वापरायचा. गोव्यात राहणाऱ्या मुलाने तो कुठूनसा आणून दिला होता. इंजिन डिझेल थोडं खातं पण हवा ढीगभर पितं, असं ते म्हणत, आणि आयुष्यात कुणी हवेचा विचार करत नाही यावर त्यांचा राग होता.

शनिवार हा फिल्टरचा दिवस. सकाळी विहिरीपाशी घमेल्यात रिठ्याचं पाणी करायचं. त्यात फिल्टर भिजत घालायचा आणि शेजारी दगडावर बसून राहायचं, जणू कुणी आजारी माणूस अंघोळ करतोय. मग आतल्या बाजूने हळू पाणी सोडायचं, म्हणजे धूळ ज्या वाटेने शिरली त्याच वाटेने बाहेर पडते. कधीही पिळायचा नाही, झटकायचा नाही, कडक उन्हात तर मुळीच ठेवायचा नाही. आंटींच्या झग्यांच्या ओळीत, सावलीतल्या दोरीवर, तो दिवसभर वाऱ्याला टांगलेला असे. संध्याकाळी प्रत्येक घडीवर तेलाची धार धरायची, आणि तेल सारखं पसरलं की रविवारी सकाळी तो पुन्हा गाडीत. आंटी म्हणायच्या, या माणसाने घरातली एक कपबशी कधी विसळली नाही, आणि त्या मेल्याला मात्र बाळासारखा न्हाऊ घालतो. तोपर्यंत गाडी उभी. शनिवारी कुणी कामाला बोलवायला आलं तर अंकल हात झटकून सांगत, गाडीला आज श्वास नाही.

त्यांची कीर्ती पसरलेली असल्यामुळे लोक सल्ला विचारायला येत. कुडाळचे एक डॉक्टर नवीकोरी मोठी गाडी घेऊन आले, डोंगरदऱ्यांत हिंडायची हौस असलेले. धुवायचा फिल्टर बसवू का, असं त्यांनी विचारलं. अंकलनी त्यांची धूळ चाखली आणि साफ सांगितलं, कागदाचाच घाल, घाण झाला की फेक. धुवायच्या जाळीची भोकं मोठी, तिच्यातून बारीक धूळ आत जाते. तेल जरा जास्त झालं तर नव्या गाड्यांतली हवा मोजायची नाजूक यंत्रं बिघडतात. डॉक्टर खूश होऊन गेले. त्याच दुपारी चिरेखाणीचा मुकादम आला, तोच प्रश्न घेऊन. त्याला सांगितलं, धुवायचाच घे. हवा जास्त मिळते, चढावर गाडी ओढते, आणि कागदाचा फिल्टर चार दिवसांत लाल विटेसारखा होतो, तो सारखा नवा कुठून आणणार?

मी ओट्यावरून हे सगळं ऐकत होतो. दोघांच्या गाड्या त्याच सड्यावरून आलेल्या, त्याच धुळीतून. मी म्हटलं, "अंकल, एक काय ते सांगा ना. कुठला चांगला?"

ते म्हणाले, "तू सकाळी च्याय पितंस, मगे कितकी वेळ बसतंस?"

मी म्हटलं, चहा संपला की उठतो.

"मगे तुका कागदाचो."

धुवत बसायचा धीर माझ्यात नाही, असा निकाल समजून मी कागदाचा आणला. आठवड्याभरात त्यांनीच माझ्या जीपचं बॉनेट उघडलं आणि तोंड वाकडं करून विचारलं, हे काय घातलंस, धुवायचा का नाही आणलास? मी निमूटपणे त्यांच्या मुलाला सांगून गोव्याहून धुवायचा मागवला. तो आल्यावर त्यांनी तो हातात धरून उलटसुलट बघितला आणि मला विचारलं, तुला हे कुणी सांगितलं. मी डोक्याला हात लावला. कुठल्याही बाजूने बोललं तरी ते पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहत. मला वाटायचं, त्यांना दोन्ही बाजू इतक्या नीट माहीत आहेत की एका बाजूला उभं राहणं त्यांना जमत नाही. कधी वाटायचं, त्यांना काहीच माहीत नाही.

एकाच बाबतीत त्यांचं बोलणं कधी बदललं नाही, आणि ते म्हणजे आंटींशी झालेला करार. मुलगा मडगावला फ्लॅटमध्ये राहायचा. त्याची बायको नोकरी करायची, एक लहान नात होती. आई-बाबांनी आता आपल्याकडे यावं म्हणून तो मागे लागला होता. आंटींना जायचं होतं. सड्यावर दिवसचे दिवस एक माणूस दिसत नाही, बोलायचं कुणाशी, माडांशी? असं त्या मला सरळ विचारत. अंकलना इथून हलायचं नव्हतं. वाद फार वाढला तेव्हा पाद्रींच्या समोर ठरलं: ज्या रविवारी अंकलची जीप दोघांना मिसाक, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, पोचवणार नाही, त्या दिवशी घर बंद करायचं आणि मुलाकडे जायचं. तोपर्यंत आंटींनी गोव्याचं नाव काढायचं नाही.

म्हणजे बघा. त्या जुन्या जीपवर त्यांचं सगळं घर उभं होतं. दर रविवारी सकाळी ती चढ चढून गेली की अंकल आणखी एक आठवडा सड्यावर राहिले. मी बाजाराच्या निमित्ताने माझी गाडी घेऊन मागून जायचो. चढावर त्यांच्या जीपचा आवाज जरा खोल गेला की माझाच पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जायचा. खरं सांगायचं तर मला ते दोघं तिथे हवे होते. संध्याकाळी बागेतून परत आलं की आंटींच्या चुलीचा धूर दिसायचा आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं. तेवढ्यासाठी मी त्यांचं फिल्टरपुराण ऐकायचा त्रास सोसायला तयार होतो.

नंतर तो शनिवार आला. मी बागेत होतो. अंकल धावत आले, पायात एकच चप्पल. आंटी विहिरीपाशी घसरून पडल्या होत्या आणि हाक मारून मारून दमल्या होत्या. अंकल तेव्हा घराच्या पुढच्या बाजूला जीपखाली आडवे होते, त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यांच्या जीपचा फिल्टर दोरीवर ओला टांगलेला. मी माझ्या गाडीतून आंटींना मालवणला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, बाकी काही नव्हतं. परत येताना आंटी मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या, आणि अंकल सारखे मागे वळून बघत होते. आंटी त्या अपघाताचा आधार घेऊन गोव्याचं बोलतील असं मला वाटलं. करार मोडायची यापेक्षा चांगली संधी कुठली? पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. अंकलही बोलले नाहीत. घरात दोघांनी मिळून काहीतरी झाकून ठेवलंय असं वाटायचं, पण ते काय ते मला कळत नव्हतं.

त्यानंतर अंकलचं वागणं बदललं. लोकांना सल्ले देणं बंद झालं. एक गाडी आली तर त्यांनी धूळसुद्धा चाखली नाही. फिल्टरला लावायचं खास तेल संपलं होतं. मुलाला कळवा म्हटलं तर म्हणाले, नको. मग एका शनिवारी संध्याकाळी बघतो तर ते आंटींची खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसलेत आणि घडीघडीवर धार सोडतायत.

मी म्हटलं, अंकल, थंडीचे दिवस आहेत. खोबरेल थिजतं. तुमच्या घरातली बाटली तर आंटी रोज सकाळी केसांना लावायच्या आधी उन्हात ठेवतात.

ते वर न बघता म्हणाले, "तू माका शिकयतंस?"

ते आखातात होते, मी कलमांच्या बागेत. त्यांच्याकडे काहीतरी हिशेब असेल असं वाटलं. कदाचित इंजिनाच्या ऊबेने तेल पातळ होईल, असंही वाटून गेलं. एरवी थंडीच्या दिवसांत ते जीप चालू करून ठेवत आणि आंटी तयार होईपर्यंत तिला तापू देत. त्या रविवारी मात्र आंटी येऊन बसल्यावर त्यांनी चावी फिरवली आणि लगेच गाडी काढली.

सड्यावर धुकं होतं. दंव इतकं पडलं होतं की रस्ता ओला लागत होता. मी मागेच होतो. अर्ध्या चढावर त्यांच्या जीपने काळा धूर ओकला, दोन-चार आचके दिले आणि बंद पडली. अंकल खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि फिल्टर बाहेर काढला. त्याच्या घड्यांमध्ये खोबरेल मेणासारखं पांढरं घट्ट बसलं होतं. हवेला जायला वाटच नव्हती.

त्यांचा चेहरा मी जवळून बघितला. तो माणूस हबकलेला होता. त्यांनी बॉनेटवर एक थाप मारली, आणि ती थाप नाटकी नव्हती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पण पुढे जे झालं त्याने माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे फिल्टर बाजूला ठेवायचा आणि त्याशिवाय गाडी चालवायची. दंवामुळे धूळ बसलेली, ट्रक रविवारी बंद, चर्च उताराच्या पायथ्याशी. मी तसं म्हटलं. अंकलनी मान हलवली. तेव्हा आंटी गाडीतून उतरल्या, प्लॅस्टर घातलेला हात पोटाशी धरून, आणि म्हणाल्या, "काढान ठेव तो आणि चल. आज धूळ खंय आसा?"

"फिल्टराशिवाय गाडी चलवूची नाय."

"मगे हेच्या गाडयेन जाऊया," आंटींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "एक रविवार गेलो तर काय जाता? पाद्रीक मी सांगतंय."

मी आंटींकडे बघतच राहिलो. या बाईला इतकी वर्षं जायचं होतं. ती जिंकली होती, आणि आता तीच नवऱ्याला हरू द्यायला तयार नव्हती. आणि ज्याला राहायचं होतं तो बंद पडलेल्या जीपला टेकून उभा होता.

"शबूद म्हणजे शबूद," अंकल म्हणाले. "चल गो घराक. सामान बांधूया."

ते चढ उतरून पायी घराकडे निघाले. आंटी थोडा वेळ तिथेच उभ्या होत्या. मग त्याही निघाल्या, आणि त्यांना उतारावर आधार द्यायला ते मागे वळून थांबले.

पुढचे दिवस मी फार चिडचिडा झालो होतो. त्यांच्यावर की स्वतःवर, ठरवता येत नव्हतं. खोबरेल थिजतं हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग ही म्हातारपणची चूक होती, की पडलेल्या बायकोची हाक ऐकू न आलेल्या माणसाने हरायचा काढलेला मार्ग? "चल, जाऊया तुझ्या नातीकडे" एवढं एक वाक्य तोंडाने बोलणं त्यांना एवढं जड होतं का? आणि ते जर मुद्दाम होतं, तर बॉनेटवरची ती थाप कशाची होती? मी आंटींना विचारून बघितलं. त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "माका माहीत नाय. आणि तूय विचारू नको."

जायच्या दिवशी मला वाटलं होतं की मुलगा गाडी घेऊन येईल. पण अंकल आपल्याच जीपमधून निघाले होते. मागे गाद्या, शिलाई मशीन, कोकमांचं बोचकं, सुक्या मासळीचा डबा. आंटी आधीच पुढे जाऊन बसल्या होत्या आणि रडत होत्या, ज्यांना जायचं होतं त्याच. अंकलनी चावी फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं, आणि इतका स्वच्छ आवाज मी त्या जीपचा कधी ऐकला नव्हता. जी गाडी गावातल्या चर्चपर्यंत पोचली नव्हती ती मडगावला निघाली होती.

मला राहवलं नाही. मी खिडकीपाशी गेलो आणि विचारलं, "अंकल, खोबरेल थिजणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी गिअरवरचा हात काढून घेतला. "तुका काय वाटता?"

"मला काहीच कळत नाही."

"बरा," ते म्हणाले. "तसाच ऱ्हव दी."

मग मला म्हणाले, एकदा बॉनेट उघडून बघ, बेल्ट कुठे घासतोय का. मी उघडलं. बेल्ट ठीक होता. फिल्टरच्या जागी मात्र कोरा करकरीत कागदाचा फिल्टर बसवलेला होता, आणि कापडी जाळीचा कुठेच दिसत नव्हता. ज्या गोष्टीसाठी या माणसाने इतके शनिवार विहिरीपाशी बसून काढले, ती त्याने सोडून दिली होती. मला एकदम संताप आला. मी बॉनेट तसंच धरून ओरडलो, म्हणजे शेवटी कागदाचाच चांगला ना? मग आम्हाला इतके दिवस का फिरवलंत?

अंकलनी डोकं खिडकीबाहेर काढलं. आवाज चढवला नाही, उलट समजावून सांगितल्यासारखे बोलले.

"अरे, आमचो पोरगो चौथ्या माळ्यार ऱ्हवता. थंय धुवूक माका आंगण खंय आसा?"

आंटींनी रडणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. मी बॉनेट लावलं आणि बाजूला झालो.